कॅप्टन नेमोची उत्तरकथा : गुण आणि दोष

आमचें नागपूर भारताच्या मध्यावर वसलेलें आहे. कोणत्याहि दिशेस निघालें तरी समुद्राचें दर्शन होण्यास शेंकडों मैलांचा प्रवास करावा लागतो. असें असूनहि धंतोलींतील आमच्या शाळेच्या वाचनालयांत ज्या पुस्तकांचीं पानें हाताळून हाताळून मळलीं आहेत, तीं बहुतेक समुद्रावरील अद्भुत कथांचीं आहेत. सिंदबादच्या सात सफरी, राबिन्सन क्रूसोचें बेट आणि ज्यूल व्हेर्न या फ्रेंच ग्रंथकाराची ‘नॉटिलस’ नांवाची पाणबुडी यांची गोडी आमच्या विद्यार्थ्यांस कोंकणांतील मुलांहून तिळभरहि कमी नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्याची ओढ मनास अधिक असते, हेंच त्याचें कारण असावें.

गेल्या वर्षीं यांपैकींच एका पुस्तकावरून नववीच्या वर्गांत वाद माजला. व्हेर्नच्या ‘गूढ बेट’ या कादंबरीच्या शेवटीं असें उघड होतें कीं, नॉटिलसचा कप्तान नेमो हा १८५७ सालच्या उठावांत भाग घेतलेला एक हिंदी राजपुत्र होता. एका विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, हा राजपुत्र महत्त्वाकांक्षेच्या मोहानें उठावांत ओढला गेला. एका विद्यार्थिनीचें म्हणणें असें कीं, तो ओढला गेला नव्हता. तोच त्या उठावाचा प्राण होता. दोघांनींहि पुस्तक नीट वाचलें होतें व दोघांनींहि तें इंग्रजींतूनच वाचलें होतें. निवाड्यासाठीं प्रकरण आमच्याकडे आलें. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें पहिल्याच्या बाजूनें निकाल दिला. कारण वाचनालयांतील जुन्या प्रतींत तसेंच लिहिलें होतें, आणि गेलीं पंधरा वर्षें आम्ही वर्गांत तसेंच सांगत आलों होतों. दुसऱ्या दिवशीं त्या विद्यार्थिनीनें आपली प्रत आणून आमच्या मेजावर ठेवली. ती वाचल्यावर आमचा निकाल चुकला होता, हें आम्हांस कबूल करावें लागलें. तो कसा चुकला, हें पुढें सांगूं. त्यापूर्वीं या कादंबरीचें मर्म कशांत आहे, तिच्या गुणांचें व दोषांचें वजन किती आहे, याचा थोडा विचार करणें अवश्य आहे. कारण ही कादंबरी स्वतंत्र नसून एका आधींच्या कादंबरीची उत्तरकथा आहे, आणि उत्तरकथेची परीक्षा करण्याची कसोटी कांहींशी निराळी असते.

उत्तरकथा म्हणजे लोकप्रिय झालेल्या कथेचा पुढील भाग. तिचे स्थूलमानानें तीन प्रकार करतां येतील. पहिला सिंदबादचा. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं अरबी भाषेंतील ज्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणल्या, त्यांत सिंदबाद दरवेळीं संकटांतून सुटून बगदादेस परत येतो, सुखानें राहतो आणि पुन्हां गलबतावर चढतो. येथें सफर नवी असते. मनुष्य जुनाच राहतो. दुसरा प्रकार राबिन्सन क्रूसोचा. क्रूसोची पहिली कथा १७१९ सालीं निघाली. ती वाचकांस इतकी आवडली कीं, ग्रंथकार डीफो यानें त्याच सालीं दुसरा भाग प्रसिद्ध केला. आज पहिला भाग सारें जग वाचतें व दुसऱ्याची कोणास फारशी आठवणहि नसते. तिसरा प्रकार आमच्या विदर्भाच्या कवीचा. भवभूतीनें ‘महावीरचरितां’त रामाचा पराक्रम वर्णिला आणि ‘उत्तररामचरितां’त त्याच रामास सीतात्यागाच्या दुःखापुढें उभें केलें. पहिल्या नाटकांत नायकाचा विजय आहे. दुसऱ्यांत त्या विजयी नायकास स्वतःच्या कृत्याचा हिशोब द्यावा लागतो. म्हणूनच दुसरें नाटक पहिल्याहून श्रेष्ठ ठरलें. आमच्या मतें उत्तरकथेची खरी कसोटी हीच होय. नवीं संकटें रचणें सोपें असतें. जुन्या नायकास त्याच्या कृत्यांचा जाब विचारणें कठीण. ‘गूढ बेट’ हें तिसऱ्या प्रकारचें पुस्तक आहे, आणि याच कसोटीवर तें घासून पाहिलें पाहिजे.

प्रथम मूळ कथेकडे वळूं. ‘समुद्राखालीं वीस हजार लीग’ ही कादंबरी १८६९ च्या मार्चपासून १८७० च्या जूनपर्यंत पॅरिस येथील एका पाक्षिकांत क्रमशः छापली गेली. आरोनाक्स नांवाचा फ्रेंच प्राध्यापक, त्याचा सेवक व एक कॅनडाचा तिमिंगिल-शिकारी हे तिघे नॉटिलस या पाणबुडीवर कैदी होऊन जवळजवळ सारे महासागर पाहतात. या पाणबुडीचा स्वामी आपलें नांव ‘नेमो’ एवढेंच सांगतो. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ ‘कोणी नाहीं’ असा होतो. तो सिंहलद्वीपाजवळ एका गरीब मोतीं काढणाऱ्या पाणबुड्यास शार्क माशाच्या तोंडांतून वांचवितो, त्याच्या हातांत मोत्यांची थैली ठेवतो, आणि आपणहि अशाच पीडित देशाचे रहिवासी आहों असें प्राध्यापकास सुचवितो. त्याच्या खोलींत वॉशिंग्टन, लिंकन व इतर स्वातंत्र्यवीरांच्या तसबिरी आहेत. तुर्कांविरुद्ध झगडणाऱ्या क्रीट बेटांतील लोकांस तो समुद्रतळाचें सोनें पोंचवितो. आणि हाच पुरुष शेवटीं भर समुद्रांत एका युद्धनौकेस धडक देऊन तिच्यावरील सर्व माणसांसह तिला बुडवितो. त्यानंतर एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या तसबिरीपुढें गुडघे टेकून तो रडतो. हा कोण, कोणत्या देशाचा, कोणाचा सूड घेत आहे, याचें उत्तर पहिली कथा देत नाहीं.

हें उत्तर कां दिलें गेलें नाहीं, याचा वृत्तांत मनोरंजक आहे. व्हेर्नच्या मनांत नेमो हा पोलंडचा एक सरदार होता. १८६३ सालीं पोलंडनें रशियाविरुद्ध उठाव केला व रशियानें तो क्रूरपणें मोडला. त्यांत नेमोचें कुटुंब नष्ट झालें, अशी मूळ कल्पना होती. परंतु प्रकाशक हेत्झेल यास रशियांतील वाचक दुखविणें नको होतें. त्यानें हरकत घेतली आणि नेमोचा देश कोरा राहिला. व्यापारी सावधगिरीमुळें पडलेली ही पोकळी पुस्तकास मात्र उपकारक झाली. नेमोभोंवतीं गूढतेचें वलय आलें. पुढें ‘गूढ बेट’ लिहितांना व्हेर्ननें ती पोकळी भरली, आणि पोलंडच्या सरदाराच्या जागीं बुंदेलखंडाचा राजपुत्र आला.

‘गूढ बेट’ हें १८७४ व १८७५ या दोन सालांत प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६५ च्या मार्च महिन्यांत, रिचमंड शहरांत कैद असलेले उत्तरेकडील पांच पुरुष वादळांत विमानफुग्यांतून पळून जातात व पॅसिफिक महासागरांतील एका निर्जन बेटावर येऊन पडतात. इंजिनियर सायरस स्मिथ हा त्यांचा पुढारी. वार्ताहर स्पिलेट, खलाशी पेनक्रॉफ्ट, हर्बर्ट नांवाचा तरुण मुलगा आणि दास्यमुक्त निग्रो सेवक नॅब हे त्याचे सोबती. या बेटास ते लिंकनचें नांव देतात. बेटावर कोणी अदृश्य साहाय्यकर्ता आहे, असा संशय त्यांस हळूहळू येऊं लागतो. बेशुद्ध इंजिनियर समुद्रापासून दूर एका गुहेंत आढळतो. हत्यारांनीं व पुस्तकांनीं भरलेली पेटी किनाऱ्यास लागते. चांच्यांचें जहाज पाण्याखालील स्फोटानें फुटतें. हर्बर्ट तापानें मरणाच्या दारीं असतां क्विनीनची पुडी उशाशीं सांपडते. अखेर तारेवरून आलेल्या संदेशाच्या मागानें ते एका समुद्रगुहेंत उतरतात, आणि तेथें नॉटिलसमध्यें मरणोन्मुख झालेला वृद्ध नेमो त्यांस भेटतो. तो आपली कहाणी सांगतो, न्याय मागतो आणि प्राण सोडतो. पुढें ज्वालामुखीच्या स्फोटानें बेट नाहींसें होतें व उरलेल्यांची सुटका होते.

आतां गुण पाहूं. पहिला व सर्वांत मोठा गुण नेमोच्या हृदयपरिवर्तनाचा. पहिल्या कथेंतील नेमो मनुष्यमात्रापासून पळणारा आहे. दुसऱ्या कथेंतील नेमो लपून उपकार करणारा आहे. हा पालट उपदेशानें होत नाहीं. पांच परके पुरुष एकमेकांशीं प्रामाणिकपणें वागतात, एकाच्या दुखण्यांत सारे जागतात, आणि त्यांचा देश गुलामगिरी नष्ट करण्यासाठीं लढत आहे, हें तो आडून ऐकतो व पाहतो. तेवढ्यानें त्याचें मन वितळतें. सूडानें पेटलेल्या मनुष्यास दुसऱ्याच्या सरळ आचरणाचें दर्शन हेंच औषध ठरतें, हा विचार व्हेर्ननें एकहि व्याख्यान न देतां वाचकांच्या मनांत उतरविला आहे.

दुसरा गुण श्रमाच्या व ज्ञानाच्या गौरवाचा. क्रूसोपाशीं फुटलेल्या जहाजांतील सामान होतें. या पांचांपाशीं अंगावरचे कपडे व खिशांतील किरकोळ जिन्नसांपलीकडे कांहींहि नाहीं. दोन घड्याळांच्या कांचा एकत्र जोडून व मध्यें पाणी भरून इंजिनियर भिंग करतो व सूर्यापासून विस्तव काढतो. विटा, मडकीं, लोखंड, साबण, स्फोटक द्रव्य हीं क्रमाक्रमानें तयार होतात. हर्बर्टच्या कोटाच्या अस्तरांत गव्हाचा एकच दाणा निघतो. पेनक्रॉफ्ट त्याची थट्टा करतो; सायरस स्मिथ मात्र गणित मांडतो. एका दाण्यास दहा लोंब्या व एका लोंबींत ऐंशीं दाणे धरले तर पहिल्या पिकास ८००, दुसऱ्यास ६,४०,००० आणि तिसऱ्यास ५१,२०,००,००० दाणे होतात. आमच्या वर्गांत घातांकाचा धडा याहून सोप्या रीतीनें समजावल्याचें आम्हांस आठवत नाहीं. वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्यास बियाण्याची किंमत शिकविण्याची गरज नाहीं. परंतु पुस्तकांत डोकें घालून बसणाऱ्या त्याच्या मुलास ती या प्रसंगानें नव्यानें कळते.

तिसरा गुण धैर्याचा. युरोपांतील एक लोकप्रिय ग्रंथकार उठावानंतर अवघ्या सतरा-अठरा वर्षांनीं बालकांच्या पाक्षिकांत एका हिंदी राजपुत्रास नायक करतो, त्यास विज्ञानांत साऱ्या जगापुढें नेऊन ठेवतो, आणि त्याच्या देशाचें दुःख खरें मानतो, ही गोष्ट सामान्य नव्हे. ह्याच व्हेर्ननें १८८० सालीं ‘वाफेचें घर’ या कादंबरींत नानासाहेब पेशव्यांस केवळ सुडानें वेडावलेला खलपुरुष केलें. तें पाहिलें म्हणजे नेमोच्या चित्राचें मोल अधिकच पटतें.

दोषांकडे वळतांना हात आंखडण्याचें कारण नाहीं. पहिला दोष सनांचा. प्राध्यापक आरोनाक्सची सफर पहिल्या पुस्तकाप्रमाणें १८६७ च्या नोव्हेंबरांत सुरू होऊन १८६८ च्या जूनमध्यें संपते. परंतु लिंकन बेटावरील अदृश्य साहाय्य १८६५ च्या मार्चपासूनच चालू आहे! १८६८ च्या ऑक्टोबरांत नेमो मरतो, तेव्हां तो म्हणतो कीं आरोनाक्स आपल्या जहाजावर सोळा वर्षांपूर्वीं आला. सोळा वजा केले म्हणजे १८५२ साल येतें. मग १८५७ च्या पराभवानंतर बांधलेली नॉटिलस १८५२ मध्यें कशी फिरत होती? १८६५ पासून बेटावर अडकलेल्या सायरस स्मिथनें आरोनाक्सचें पुस्तक मात्र वाचलेलें आहे! नेमो तिसाव्या वर्षीं, १८४९ सालीं, मायदेशीं परतला असें एके ठिकाणीं आहे. त्या हिशोबानें त्यानें मरतेवेळीं पन्नाशीहि गांठली नव्हती, परंतु पुस्तकांत तो साठी उलटलेला म्हातारा आहे. गव्हाच्या दाण्यांचा हिशोब बिनचूक करणाऱ्या ग्रंथकारास नायकाच्या वयाचा हिशोब जमूं नये, ही मौज आहे. तारखा जुळत नाहींत, हें प्रकाशकानेंहि टीप घालून मान्य केलें आहे.

दुसरा दोष आम्हां मध्य भारतांतील वाचकांस विशेष खुपणारा. नेमो हा बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा, नांव प्रिन्स डक्कर, आणि टिपू सुलतानाचा पुतण्या, असें व्हेर्न सांगतो. टिपू १७९९ सालीं श्रीरंगपट्टण येथें पडला. व्हेर्नच्याच आंकड्यांप्रमाणें नेमोचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनीं झाला. म्हैसूर कोठें व बुंदेलखंड कोठें! आणि ‘डक्कर’ हें नांव ना बुंदेल्यांचें ना मराठ्यांचें. वास्तविक व्हेर्नला अशी ओढाताण करण्याचें कारण नव्हतें. छत्रसालानें बाजीराव पेशव्यांस बुंदेलखंडांत राज्याचा वांटा दिला, तेव्हांपासून त्या प्रांतांत मराठी घराणीं नांदत होतीं. झांशीस नेवाळकर होते. सागर येथें गोविंदपंत बुंदेले यांनीं बस्तान बसविलें होतें. बांद्याचे नबाब अली बहादूर हे बाजीराव व मस्तानी यांचे वंशज. तेहि १८५७ च्या युद्धांत उतरले. डलहौसीनें झांशी व नागपूर हीं दोन्ही राज्यें १८५४ या एकाच सालीं खालसा केलीं. सागर व दमोह हे बुंदेलखंडाचे जिल्हे १८६१ सालीं मध्यप्रांतांत आले व १९५६ पर्यंत त्यांचा कारभार नागपुराहून चालला. आज ते मध्य प्रदेशांत आहेत. म्हणजे नेमोचा मुलुख आम्हांस परका नाहीं. त्या मुलखाचें खरें चित्र ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ वाचावा. झांशीच्या वेढ्यांत सांपडलेल्या या वरसईच्या भिक्षुकाचा वृत्तांत १९०७ सालीं छापला गेला. त्यांत पाणबुडी नाहीं, परंतु माणसें खरीं आहेत.

तिसरा दोष आमच्या कसोटीशीं थेट संबंध ठेवणारा, म्हणून सर्वांत गंभीर. पहिल्या कथेंत नेमो युद्धनौकेस जाणूनबुजून आपल्यामागें ओढून नेतो व मोकळ्या समुद्रांत तिचा नाश करतो. दुसऱ्या कथेंत तोच सांगतो कीं, आपण एका अरुंद व उथळ खाडींत कोंडलों होतों, शत्रूनें वाट अडविली होती आणि आपण फक्त वाट काढली. म्हणजे ग्रंथकार आपल्या नायकास न्यायासनापुढें उभा करतो खरा, पण त्यापूर्वीं त्याच्यावरील आरोप हलका करून ठेवतो! ज्यानें पहिलें पुस्तक वाचलें आहे, त्यास ही साक्ष पटत नाहीं. भवभूतीचा राम आपला अपराध कमी करून सांगत नाहीं. म्हणून त्याचे अश्रू खरे वाटतात.

आणखीहि उणिवा आहेत. इंग्रजींत ‘रोमान्स’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक अद्भुतरम्यता व दुसरा प्रणय. येथें पहिला भरपूर असून दुसऱ्याचा मागमूस नाहीं; बेटावर एकहि स्त्री नाहीं. गुलामगिरीचा धिक्कार करणाऱ्या या कथेंत नॅब मात्र बहुधा चुलीपाशींच दिसतो व धन्याच्या शब्दाबाहेर त्याचें स्वतंत्र मत कळत नाहीं. शिवाय अडचण आली कीं अदृश्य हात पुढें येतो. त्यामुळें स्वावलंबनाचा जो धडा इंजिनियर देतो, तो मधून मधून पुसला जातो.

नेमोच्या शेवटच्या शब्दासंबंधीं आम्हांस थोडें निराळें सांगावयाचें आहे. व्हेर्ननें हस्तलिखितांत त्याच्या मुखीं ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द घातला होता. हेत्झेलनें तो काढवून त्या जागीं देवाचें व देशाचें नांव घालविलें. देवावर श्रद्धा ठेवणाऱ्या आमच्यासारख्यासहि हा बदल रुचत नाहीं. मरणाऱ्या मनुष्याच्या ओठांवर त्याची नसलेली प्रार्थना दुसऱ्यानें ठेवल्यानें देवाचा महिमा वाढत नाहीं. तसेंच सायरस स्मिथ त्यास सांगतो कीं, गेलेला काळ परत आणतां येईल असें मानणें ही तुमची चूक झाली, तुम्ही अवश्य अशा प्रगतीविरुद्ध लढलांत. ज्याचें घर, देश व मुलें गेलीं त्यास हें सांगणें एकोणिसाव्या शतकांतील युरोपास साजून दिसलें असेल. परंतु परकी सत्ता म्हणजेच प्रगति, हें गृहीत धरण्यास आज कोणीहि विचारी वाचक तयार होणार नाहीं.

आतां आमच्या चुकलेल्या निकालाकडे येतों. ‘गूढ बेटा’चें पहिलें प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर १८७५ सालचें. तें डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नांवावर छापलें गेलें; प्रत्यक्ष काम त्यांच्या पत्नी ॲग्नेस यांनीं केलें असें मानतात. त्यांत सायरस स्मिथचा सायरस हार्डिंग झाला, हें एक वेळ चालेल. परंतु नेमोच्या पूर्वचरित्राचीं पानेंच बदललीं गेलीं. मूळ फ्रेंच ग्रंथांत राजपुत्र उठावाचा आत्मा आहे; तो आपली बुद्धि व संपत्ति त्यास अर्पण करतो, आघाडीवर लढतो व पुन्हां पुन्हां जखमी होतो. भाषांतरांत तो महत्त्वाकांक्षेपोटीं सहज त्यांत ओढला जातो, आणि लोकांस धूर्त राजांनीं फितविलें असें वर्णन येतें. इंग्रजी वाचकांस न दुखविण्यासाठीं हा फेरफार झाला, हें उघड आहे. हेंच भाषांतर पुढें शंभराहून अधिक वर्षें पुन्हां पुन्हां छापलें गेलें व आमच्यासारख्या असंख्य हिंदी विद्यार्थ्यांनीं तें व्हेर्नचें म्हणून वाचलें. २००१ सालीं सिडनी क्रॅविट्झ व जॉर्डन स्टम्प यांचीं दोन स्वतंत्र नवीं भाषांतरें निघालीं, आणि इंग्रजी वाचकांस मूळ मजकूर मिळाला. आमच्या विद्यार्थिनीची प्रत यांपैकींच एक होती.

एका पोलिश सरदाराचा देश रशियाच्या बाजारासाठीं खोडला गेला; त्याच्या जागीं आलेल्या हिंदी राजपुत्राचें मन इंग्लंडच्या बाजारासाठीं बदललें गेलें; त्याचा शेवटचा शब्दहि त्याचा राहिला नाहीं. एवढें होऊनहि नेमो जिवंत राहिला, हा व्हेर्नच्या प्रतिभेचा विजय होय. सनांच्या चुका, टिपूचें नातें, अरुंद खाडीची सबब हे सारे दोष एका पारड्यांत व सूडाकडून उपकाराकडे वळलेलें एक मन दुसऱ्या पारड्यांत घातलें, तर आमच्या मतें दुसरें पारडें जड ठरतें. उत्तरकथेनें नायकास जाब विचारावा ही आमची अपेक्षा ‘गूढ बेट’ पूर्णपणें नव्हे, पण मनापासून पुरी करतें.

विद्यार्थिमित्रांस शेवटीं एवढेंच सांगणें आहे. परभाषेंतील ग्रंथ हातीं घेतांना ग्रंथकाराचें नांव वाचतां, तसें भाषांतरकाराचें नांव व सालहि वाचीत जा. मराठींत भा. रा. भागवत यांनीं व्हेर्नच्या कथा मुलांपर्यंत आणल्या. त्यांच्यापासून आरंभ करा, आणि पुढें जमेल तेव्हां निरनिराळ्या प्रती ताडून पाहा. आमच्या वाचनालयांतील जुनी प्रत आम्हीं काढून टाकलेली नाहीं. ती कपाटांत नव्या प्रतीच्या शेजारींच ठेवली आहे. त्या वर्गास आम्हीं आमची चूक फळ्यापुढें उभे राहून सांगितली. त्याआधींच्या पंधरा वर्षांतील विद्यार्थी आतां दूर गेले आहेत. त्यांपैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडल्यास त्यांनीं आपल्या जुन्या शिक्षकाची ही दुरुस्ती स्वीकारावी.